कुणाला नको, का ते सांगा

लोकांच्या दारात उभं राहून "मत का दिलंत?" असं विचारायचं, हे माझं काम होतं. धाराशिवात मी कुणाला हे सांगितलं की समोरचा आधी हसायचा, मग आवाज खाली आणून विचारायचा, "मग ताई, येणार कोण?" काम सुटलं तरी हा प्रश्न काही सुटलेला नाही. परवा दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस कोंबून नेमका हाच प्रश्न विचारला. कापूस होता तेच बरं झालं, कारण खरं उत्तर लाजिरवाणं आहे. मला कधीच कळलं नाही. इतक्या लोकसभा पाहिल्या, जिल्ह्यातला एक तालुका पायाखालून घालायचा ठेवला नाही, पण कोण येणार हे मला कोपऱ्यावरच्या भाजीवालीपेक्षा जास्त कधी कळलं नाही.

त्याला आमच्या कामाची रीतच कारणीभूत. पुण्याच्या एका संशोधन संस्थेसाठी आम्ही मतदान झाल्यावर आणि निकाल लागायच्या आधी गावोगाव जायचो. कुणाशी बोलायचं हे आम्ही ठरवायचं नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखी मतदारयादीतून नावं निघायची आणि पुण्याहून आमच्या हातात पडायची. ज्याचं नाव त्याच्याशीच बोलायचं. तो रानात असेल तर रानात जायचं, विहिरीवर असेल तर काठावर बसून राहायचं. शेजारी कितीही हुशार असला तरी शेजारी चालत नाही. बायकोच्या वतीनं नवरा चालत नाही, सुनेच्या वतीनं सासू चालत नाही. माणूस एकटा पाहिजे.

"कुणाला" हे तर तोंडानं विचारायचंच नाही. चिन्हं छापलेला कागद हातात द्यायचा आणि आपण भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. त्यानं खूण करायची, घडी घालायची आणि आमच्याजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. डबा जायचा पुण्याला. "का" मात्र समोरासमोर विचारायचं, आणि तो ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत उतरवून घ्यायचं. म्हणून कुणी कानाशी लागून चिन्ह सांगायला लागलं की माझं ठरलेलं वाक्य असायचं, "कुणाला ते नको, का ते सांगा."

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर मला स्कूटरवर घेऊन हिंडायला लागले. गावात पोचलं की मी त्यांना लांब एखाद्या लिंबाखाली बसवायची. ऐकू येईल इतक्या अंतरावर कुणी नको, हा नियम. आयुष्यभर दुसऱ्यांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हटलेला माणूस, त्याला आता बायको "मागं सरका" म्हणते, हे त्यांना फार लागायचं. घरी आल्यावर जेवताना हळूच विचारायचे, "त्या पागोटेवाल्यानं काय सांगितलं गं?" मी भाजी वाढायची.

गावात शिरलं की पहिला गोंधळ ठरलेला. आम्ही कुठल्या तरी योजनेचे लोक आहोत असं समजून बायका आधार कार्डं घेऊन धावायच्या. ते निस्तरलं की दुसरा गोंधळ. ज्यांचं नाव आलेलं नाही ते चिडायचे. बेंबळीत एका म्हाताऱ्यांनी माझ्यासमोर काठी आपटली होती. "सख्ख्या भावाचं नाव येतंय आन माझं येत न्हाय? म्या काय कमी शाना हाय व्हय?" शेवटी त्यांच्या समाधानासाठी मी त्यांच्या घरचा चहा दोनदा प्याले.

उमरग्याकडं कानडी बोलणारी घरं बरीच. तिथल्या एका दुकानदार आजोबांनी आमच्यातल्या एका नव्या मुलाच्या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं, "गोत्तिल्ल." त्यानं ते तसंच इमानदारीनं लिहिलं. पुण्याहून विचारणा आली, "हा गोत्तिल्ल कुठला स्थानिक पक्ष? उमेदवारांत तर नाव दिसत नाही." गोत्तिल्ल म्हणजे कानडीत "ठाऊक नाही." माझ्या आईचं माहेर तिकडचं म्हणून मला कळलं, नाहीतर त्या पक्षाला आमच्या तक्त्यात चांगली मतं पडली असती.

हे काम करता करता एक गोष्ट मी शिकले. "कोणत्या मुद्द्यावर मत दिलं?" याचं पहिलं उत्तर पाहुण्यासाठी असतं. परंड्याला किल्ल्याजवळ कापडाचं दुकान असलेल्या एका गृहस्थांनी मला ठसक्यात सांगितलं, "विकास." मी लिहिलं. लिहून झालं तरी उठले नाही. त्यांनी पाणी मागवलं, मी प्याले. मग ते म्हणाले, "ताई, माझी पोरगी सोलापुरात शिकतीय. संध्याकाळची गाडी चुकली की तिच्या आईच्या घशाखाली घास उतरत न्हाय. पोरीबाळींना निर्धास्त फिरता येईल असं कोण करील, ते बघून दिलं." हे खरं उत्तर. ते यायला पाण्याचा पेला संपावा लागतो.

शहरातली माणसं मला म्हणायची, खेड्यात काय, जात बघून देतात. देतात, खोटं कशाला बोलू? भावकी बघतात, वरचा नेता बघतात, खताचा भाव बघतात. पण या सगळ्याच्या तळाशी घरातलं काहीतरी असतं. पोरीचं शिक्षण, पोराचं रखडलेलं लग्न, नवऱ्याची दारू, म्हाताऱ्या आईचं औषध. दिल्लीच्या निवडणुकीशी त्याचा काय संबंध, असं आपल्याला वाटतं. त्या माणसाला वाटत नाही. आमच्या कागदावर या उत्तरांना जागा नसायची. महागाई, बेरोजगारी, शेती, पाणी, आरक्षण, रस्ते अशा चौकटी असायच्या आणि सगळ्यात खाली एक चौकट, "इतर". माझी "इतर" नेहमी ओसंडून वाहायची. पुण्याचे आमचे सर वैतागून फोन करायचे, "महानंदाताई, तुमच्या जिल्ह्यात सगळं इतरच आहे का?"

आता गेल्या लोकसभेचं सांगते. गावाचं नाव सांगणार नाही आणि माणसांची नावं मी बदलली आहेत, कारण तसा शब्द दिलेला असतो. ईट गावाच्या पुढं डोंगराच्या कडेला एक वाडी आहे, एवढं पुरे.

मे महिना. ऊन असं की स्कूटरच्या सीटवर ओला टॉवेल टाकून बसावं लागे. वाडीतलं पहिलं नाव एका शेतकऱ्याचं होतं. ओसरीवर बसले, कागद-डबा झाला, मग विचारलं, "मुद्दा कोणता होता?"

"ताट," तो म्हणाला.

"काय?"

"ताट ओ, ताट. जेवायचं असतंय न्हवं, तसलं."

मला वाटलं रेशनबद्दल बोलतोय. तसं विचारलं तर म्हणाला, "रेशनचं न्हाय. ते तुमी पारूकाकीला इचारा. ते तिचं हाय."

दुसरं नाव एका तरुण सुनेचं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि म्हणाली, "ताट." तिसरे एक पेन्शनर गुरुजी होते. ते चष्मा काढून म्हणाले, "राष्ट्रीय सुरक्षा." मी पाणी मागितलं, हळूहळू प्याले. गुरुजी इकडंतिकडं बघून म्हणाले, "आणि थोडंसं ताट."

मी बाहेर येऊन पुण्याला फोन लावला. सरांना सांगितलं. ते खूश झाले. "अन्नसुरक्षा! टाका त्या चौकटीत. ग्रामीण भागात हा मुद्दा येणारच होता."

"सर, अन्नाचं नाही वाटत मला हे."

"मग कशाचं आहे?"

"गोत्तिल्ल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

नशिबानं यादीतलं चौथं नाव पारूबाईंचंच होतं. पत्त्यावर गेले तर दारात बाजेवर त्यांचे यजमान बसलेले. बाबूतात्या. उंच, वाळके, मिशा पांढऱ्या. मी नाव सांगितल्यावर म्हणाले, "ती न्हाय घरी. बसा, म्या सांगतो की. तिचं आन माझं मत येकच असतंय."

"तात्या, मत एक असेल, पण चिठ्ठी तिच्या नावाची निघालीय."

"माझ्या का न्हाय निघाली?"

मी विषय बदलला. पारूबाई कुठं गेल्यात म्हणून विचारलं. भाचीच्या लग्नासाठी परंड्याला भावाकडं गेल्या होत्या आणि लग्न उरकल्याशिवाय परतणार नव्हत्या. तोवर आमची मुदत संपत होती. दुसरं नाव घ्यायची परवानगी नाही. तात्यांना वाटलं आता तरी आपला नंबर लागणार. मी उठल्यावर त्यांचा चेहरा पडला. निघताना मी सहज विचारलं, "तात्या, हे ताट काय आहे हो?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला, माझ्याकडं बघितलं नाही, आणि म्हणाले, "तिच्याच तोंडून ऐका. म्या सांगितलं तर म्हणंल, स्वतःचंच लावून सांगतोय."

स्कूटर परंड्याकडं वळवली. वाटेत यांनी एकदाच विचारलं, "एका बाईच्या उत्तरासाठी एवढं ऊन?" मी म्हटलं, "ताटासाठी." बिचाऱ्यांनी स्कूटर थांबवून मला पाणी पाजलं. त्यांना वाटलं मला ऊन लागलंय.

लग्नघर सापडायला अवघड नव्हतं, मांडव रस्त्यावरच आलेला. आत बायकांचा नुसता कालवा. कुणी रुखवत मांडतंय, कुणी गहू निवडतंय. त्यात सगळ्यात मोठा आवाज एका बारक्या, काटकुळ्या बाईचा. त्याच पारूबाई. मी ओळख सांगितली. त्या म्हणाल्या, "माझं नाव आलंय? माझं? त्येंचं न्हाय आलं?" मी नाही म्हटल्यावर त्या एवढ्या खूश झाल्या की हातातलं सूप शेजारणीच्या मांडीत टाकून उठल्याच.

एकांत म्हणून धान्याच्या खोलीत गेलो. चार बायका मागं आल्याच होत्या. पारूबाईंनी त्यांना हुसकावलं, "ए, जावा. सरकारी काम हाय." मी म्हटलं सरकारी नाही. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, त्याबिगर त्या जात न्हाईत."

मी कागद दिला, पोत्यांकडं तोंड करून उभी राहिले. मागून आवाज आला, "हे त्या मशीनवानी पीं वाजत न्हाय व्हय?" घडी डब्यात पडली. मग मी पोत्यावर बसून विचारलं, "मुद्दा कोणता होता, पारूबाई?"

"ताट."

"हां. त्या ताटासाठीच मी इथवर आलेय. सांगा आता."

पारूबाईंना एकुलता एक मुलगा होता. काही वर्षांमागं विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. मागं सून राहिली, रेखा, आणि एक नात. रेखाचे माहेरचे न्यायला आले होते, ती गेली नाही. वाडीची आशाताई म्हणून तिची नेमणूक झालेली होती. कुणाला ताप आला, कुणाचे दिवस भरले, कुणाच्या लेकराचा डोस राहिला, की वाडी रेखाच्या दारात. बाळंतिणीला घेऊन मिळेल त्या वाहनानं तालुक्याला, भूमला जायचं, तिथं डॉक्टरांशी भांडायचं, बाळ-बाळंतीण घेऊन परत यायचं, सगळं रेखानं.

प्रचारात पहिला उमेदवार वाडीत यायचा होता. औक्षणाची तयारी रेखानंच केली. ताट घासलं, निरांजन लावलं, अक्षता, सुपारी, सगळं. गाड्या आल्या. रेखा ताट घेऊन पुढं झाली, तसा त्यांच्यातला एक कार्यकर्ता म्हणाला, "ताई, तुमी जरा मागं व्हा. सवाष्णींना पुढं येऊ द्या."

"आन रेखानं ताट दुसरीच्या हातात दिलं," पारूबाई म्हणाल्या. "कायबी बोलली न्हाय. मागं जाऊन शेरडाच्या दाव्यापशी हुबी ऱ्हायली. आमी समद्यांनी बघितलं. म्याबी बघितलं. म्याबी कायच बोलले न्हाय."

त्या दिवशी जेवताना नातीनं आईला विचारलं, "आई, तुला ताट धरता येत न्हाय व्हय गं?" रेखा म्हणाली, "जेव." पारूबाईंना मात्र पुढचा घास गिळवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर बायका जमल्या होत्या. पारूबाईंनी घागर खाली ठेवली आणि सांगितलं, "आता दुसरा येणार हाय. ताट माझी सून धरंल. ओवाळून घ्यायचं आसंल त्यानं घ्यावं." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "काकी, आपल्याला पटतंय ओ, पर शकुनाचं काम. उद्या पडला तर आपल्या वाडीवर खापर." त्यावर एक लेकुरवाळी पुढं आली. बाळ कडेवर होतं. ती म्हणाली, "ह्ये माझं लेकरू पयल्यांदा तिच्या हातात पडलं. त्येला अपशकुन झाला न्हाय. पुढाऱ्याला हुतोय व्हय?"

मला हे सांगताना पारूबाई हसत होत्या. म्हणाल्या, "नळावर येवढं हसू कधी झालं न्हवतं ताई. पाणी वाहून गेलं तरी कुणाला भान न्हाय."

घरात मात्र दोन माणसं विरोधात. एक रेखा. "आत्या, नगं. मला लोकांसमोर परत मागं जायला लावू नका." आणि दुसरे बाबूतात्या. त्यांचं म्हणणं, लोक तोंडात शेण घालतील, आपल्याला अजून गावात तोंड दाखवायचंय. पारूबाई रेखाला म्हणाल्या, "ह्या टायमाला तू मागं सरलीस तर म्या तुझ्या मागं हुबी हाय. माझ्यावर आदळशील." तात्यांना त्या काहीच म्हणाल्या नाहीत. भाकरी वाढली आणि गप्प बसल्या. पारूबाई गप्प बसल्या की तात्यांना जेवण जात नाही, हे पारूबाईंनीच मला सांगितलं.

दुसरा उमेदवार आला. पारापाशी रांगोळी, पाट मांडलेला. रेखा ताट घेऊन उभी, मागं पारूबाई, त्यांच्या मागं सगळ्या बायका. उमेदवार हात जोडत आला, पाटाकडं निघाला. तेवढ्यात गावातल्याच एकानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो थांबला. घड्याळ बघितलं. "आयाबहिणींनो, पुढं सभा आहे, फार उशीर झालाय. तुमचा आशीर्वाद आहेच," असं म्हणून लांबूनच नमस्कार केला आणि गाडीत बसला. धुरळा उडवत गाड्या गेल्या.

"वाडी अशी गप झाली," पारूबाई म्हणाल्या, "शेरडंसुदिक वरडंनात. मधी पाट मोकळा. ताटात दिवा जळतोय आन रेखा ताट धरून तशीच हुबी. मला वाटलं, म्या कुठं ह्या पोरीला हुबी केली!"

बाबूतात्या लांब भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे होते. ते निघाले. बायकांना वाटलं, आता बायकोवर ओरडणार. ते आले, पायातल्या वहाणा काढल्या, टोपी सारखी केली आणि पाटावर जाऊन उभे राहिले.

"ओवाळ, पोरी."

रेखा म्हणाली, "मामा..."

"ओवाळ. मला कुठल्या पक्षानं हुबं केलं न्हाय. पर म्या हाय की हुबा."

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळा पार हसायला लागला. रेखानं सासऱ्याला कुंकू लावलं, ओवाळलं. ती रडत होती आणि हसतही होती. तात्या खाली उतरले तसे त्यांचे चुलत भाऊ पाटावर चढले. मग ते लेकुरवाळीचं बाळ. मग गुरुजी. गुरुजींनी कपाळ पुढं करताना म्हणे घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "मला उशीर झालेला नाही." ओवाळून घ्यायला रांगच लागली. तेल संपलं, कुणी तरी पळत जाऊन आणलं.

"आणि तिसरा उमेदवार?" मी विचारलं.

"आला की. घामानं भिजल्याला. पाटावर गेला, मान खाली केली, ओवाळून घेतलं, म्हणाला, ताई, पाणी मिळंल का? प्याला आन गेला. त्येला कुणी सांगितलं हुतं का न्हवतं, कोण जाणे. म्या म्हणते, त्येला ठावंच नसंल. नुसता तान्हेला हुता." मग माझ्याकडं वाकून म्हणाल्या, "पर मागं तर सरला न्हाय न्हवं?"

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही..."

पारूबाईंनी बोट वर केलं. "ओ ताई. कुणाला ते नगं म्हणाला हुता न्हवं तुमी?"

आयुष्यात पहिल्यांदा माझंच वाक्य माझ्या तोंडावर आलं. मी जीभ चावली. त्या पुढं म्हणाल्या, "आन आसं समजू नका की नुसतं ताट बघितलं. शिलिंडर बी बघितला, सोयाबीनचा भाव बी बघितला. पर समदं तोलून झालं आन काटा मधीच ऱ्हायला, तवा म्या ताट टाकलं."

"आणि तात्यांचं मत? ते म्हणत होते, तुमचं आणि त्यांचं एकच असतं."

"आसतंय तर. कंदी इचारलं न्हाय म्या."

मी शब्दन् शब्द उतरवून घेतला. कागदाच्या कडेवर गेलं, मागच्या बाजूला गेलं. मग त्यांनी आम्हाला दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. यांना मांडवाबाहेरून आणवून पंगतीत बसवलं. समोर वरण-भात, शिरा. हे मला हळूच म्हणाले, "ताटासाठी म्हणालीस ते खरंच की गं." मी त्यांना सगळी गोष्ट तेव्हाही सांगितली नाही. आता इथं वाचतीलच.

पुण्याच्या बैठकीत मात्र मी सांगितली, नावगाव वगळून. सर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "ताई, हे कुठल्याच चौकटीत बसत नाही." खरंच बसलं नाही. सबंध राज्याचा अहवाल निघाला, त्यात महागाई होती, शेती होती, रंगीत आलेख होते. आमची वाडी "इतर"मध्ये गेली आणि इतरचा आलेख कुणी काढत नाही. याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. चूक कुणाचीच नाही. चाळणीची भोकं ठरलेल्या मापाची असतात, त्यातून जे बारीक पडतं ते पडतंच. पण मी एवढी वर्षं त्या बारक्यासाठीच हिंडले की काय, असं मला तेव्हा वाटलं. गुडघेही बोलायला लागले होते. त्या लोकसभेनंतर मी काम सोडलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला विधानसभेचा प्रचार सुरू झाला. पारूबाईंचा फोन आला, "फराळाला या. काम न्हाय म्हणून येणार न्हाय व्हय?" गेलो. या वेळी यांना लिंबाखाली बसवायचं कारण नव्हतं. हे आणि बाबूतात्या बाजेवर एसटीच्या जुन्या गाड्यांवर बोलत बसले. आम्ही बायका आत करंज्या खात होतो, तेवढ्यात भोंग्याचा आवाज आला. एक उमेदवार वाडीत आला होता.

पुढं पळत एक कार्यकर्ता आला. हातात नवंकोरं चकचकीत ताट, बाजारातून आणलेलं, निरांजनासकट. मागं कॅमेरावाला. "रेखाताई कुठायत? रेखाताईंनीच ओवाळायचं बरं का. साहेबांनी मुद्दाम सांगितलंय. फोटो समोरून आला पायजे."

सहा महिन्यांत शहाणपण एवढं पसरलं होतं. पारूबाईंनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले.

रेखा बाहेर आली. मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहत होते. आशाची गुलाबी साडी, खांद्याला पिशवी, लसीकरणावरून नुकतीच आलेली. तिनं कार्यकर्त्याच्या हातातलं ताट घेतलं. कॅमेरावाल्यानं डोळा लावला. उमेदवार कपाळ पुढं करून उभा राहिला. रेखानं ताट पारावर ठेवलं.

"दादा, दिवा ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. आवाज शांत होता. "ह्या वाडीतल्या दहावी झालेल्या पोरी घरी बसल्यात. ईटपर्यंत सकाळची गाडी न्हाय म्हणून. घरी बसल्या की त्यांची लग्नं लागत्यात, आन मग वर्सभरात म्या त्यांना घेऊन भूमच्या दवाखान्यात जाते. लेकरालाच लेकरू. आमाला त्यावर बोलायचंय."

उमेदवार गोंधळला. कार्यकर्त्याकडं बघितलं. कार्यकर्त्यानं घड्याळाकडं हात नेला. आणि इतक्यात बाजेवरून बाबूतात्यांचा आवाज आला, "बसा की साहेब. उशीर झालेल्यांचं ह्या वाडीत काय हुतं, इचारा कुणालाबी."

बायका हसल्या. उमेदवारालाही हसू आलं, ते लपवता आलं नाही.

"कुठं बसू?" त्यानं विचारलं.

लेकुरवाळीनं सतरंजी अंथरली. बाळ आता चालायला लागलं होतं, ते आधी जाऊन मध्यभागी बसलं.

"हितंच बसा खाली," रेखा म्हणाली. "आमी समद्याजणी बोलणार हाय. येळ लागंल."

तो चपला काढून बसला. घोटभर पाणी मागितलं. बायका घराघरांतून यायला लागल्या, कुणी पीठ लागलेल्या हातांनी, कुणी लेकीला पुढं ढकलत. माझ्या हातात कागद नव्हता, यादीत कुणाचं नाव नव्हतं. मी करंजी पदराखाली धरली आणि सतरंजीच्या कडेला मिळाली तेवढी जागा करून बसले.